भिंगरीचं विमान

आमच्या गल्लीतल्या सगळ्या पुरुषांच्या माना एकाएकी हलायला लागल्या आहेत, अशी तक्रार भिंगरीने सुरू केली तेव्हा कुणी ती मनावर घेतली नाही. भिंगरी म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक आणि तिथला एकुलता एक कारागीर. दाढीला बसलेल्या माणसाला तो म्हणायचा, "हलू नका हो." माणूस बिचारा दगडासारखा बसलेला असायचा. "हल्ली जो येतो तो हलतो," असं भिंगरी आरशातून मागच्या बाकावरच्यांना सांगायचा, आणि बाकावरचे हसून पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

मी त्याला पाचवीत शिकवलं आहे. वर्गात त्याचा बाक म्हणजे बसायची जागा नव्हे, निघायची जागा होती. खडू संपला की तो उठे, फळा पुसायचा झाला की तो उठे, काहीच नसेल तर खिडकी लावायला आणि मग तीच उघडायला उठे. भिंगरी हे नाव तिथेच पडलं आणि त्याने खरं नाव गिळून टाकलं. पुढे धंदाही त्याने असा धरला की दिवसभर उभं राहायचं आणि खुर्चीभोवती फिरायचं. "सर, जगात दोनच जातीची माणसं," तो म्हणतो. "एक बसणारी आणि एक त्यांच्याभोवती फिरणारी. मी दुसरीतला. पहिलीतल्यांवर माझं घर चालतं."

एका दुपारी दुकानात मी एकटाच होतो. गालावर साबण होता. भिंगरीने वस्तरा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग बेसिनपाशी जाऊन नळ सोडला आणि उगाच हात धूत उभा राहिला.

"सर, आत्ता तुम्ही हललात?"

"नाही रे."

"श्वास घेतलात?"

"तो घ्यावा लागतो."

"मग मीच," तो म्हणाला.

उजवा हात त्याने माझ्यासमोर धरला. रस्त्यावरून जड ट्रक गेला की काठोकाठ भरलेल्या पेल्यातलं पाणी जसं शहारतं, तशी बोटं शहारत होती. डावा हात शांत होता. गिऱ्हाइकाच्या गालावर करंगळी टेकवून, हनुवटी डाव्या चिमटीत पकडून, मधेच थांबून आरशात बघण्याचं नाटक करून तो दिवस ढकलत होता. घरी काही बोलला नव्हता.

"डॉक्टरला दाखव," मी म्हणालो.

"दाखवला की आजार होतो, सर. तोवर नुसता हात आहे."

कात्रीची त्याला फार काळजी नव्हती. कात्री मुळातच हलती, आणि मधे कंगवा असतो. भीती वस्तऱ्याची होती. आणि त्यातही एका माणसाची. पाण्याच्या टाकीमागे एक म्हातारे फोटोग्राफर राहतात. त्यांच्या स्टुडिओत अर्ध्या गावाने लग्नाआधीचे फोटो काढून घेतले आहेत. न्हाणीघरात पडल्यापासून ते अंथरुणाला खिळले. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे जरा ओरखडा उठला तरी रक्त थांबता थांबत नाही. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. पण हनुवटी तुळतुळीत हवी, आणि ती भिंगरीच्याच हातची. मशीन त्यांना चालत नाही. "खराट्याने अंगण झाडल्यासारखं वाटतं," म्हणतात. भिंगरीने हळूहळू तिकडे जाणं बंद केलं होतं. कधी सर्दीचं निमित्त, कधी गर्दीचं. हे आजोबा सुनेकडून निरोप धाडत होते: "त्याला सांग, मी अजून आहे. दाढी वाढतेय यावरून ओळख म्हणावं."

हे सगळं त्या दिवशी मला समजलं. विमानाचं प्रकरण त्यानंतरचं.

सलूनच्या समोरच भिंगरीच्या मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ओठांत कायम एखादा स्क्रू धरून बोलतो म्हणून त्यालाही सगळे स्क्रूच म्हणतात. फावल्या वेळात तो जुन्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचा एक खेळ खेळतो. टेबलाला घट्ट बसवलेली काठी, खाली पायांसाठी पेडलं आणि समोर पडद्यावर आकाश. एकदा भिंगरी चहा घेऊन तिकडे गेला.

"दाजी, बसा की जरा."

"मला बसणं जमत नाही, माहितीये ना?"

"विमान आहे. उभ्याने चालवत नाहीत."

दाजी बसले. आणि इतका वेळ बसले की गिऱ्हाईक शोधत समोर आलं. शेवटी बायको बघायला आली. ती शिंप्याकडे काजं-बटणांचं काम करते; सुई तशीच पदराला टोचलेली. "अहो, बरं आहे ना तुम्हाला?" तिने विचारलं. नवऱ्याला एका जागी बसलेला बघून तिला दुसरं काही सुचलंच नाही.

या खेळाच्या दोन तऱ्हा आहेत म्हणे. सोप्या तऱ्हेत विमान सांगितल्या कामाला पळत सुटतं. अवघड तऱ्हेत ते खऱ्या विमानासारखं वागतं. इंजिन तापतं, वारा ढकलतो, हात जड पडला की नाक खाली घालून कोसळतं. स्क्रूने सोपी लावून दिली होती. भिंगरीने ती काढायला लावली.

"दाजी, अवघडमध्ये लोक महिनोन्महिने नुसतं उडायला शिकतात."

"शिकेन की. खोटं शिकून काय करू? हात खरा आहे."

हे शेवटचं वाक्य स्क्रूला कळलं नाही; त्याला हाताचं माहीतच नव्हतं. मला कळलं. दुसऱ्याच दिवशी भिंगरीने मला पैज सांगितली. ती त्याने स्वतःशीच लावली होती. त्या खेळात पुढे उडणाऱ्या विमानाच्या पंखाला पंख लावून उडावं लागतं, आणि त्याला हात अगदी स्थिर लागतो. "एक अख्खी फेरी न हलता उडलो, सर, की दुसऱ्या दिवशी आजोबांची दाढी. नाही जमलं, तर वस्तरा कायमचा ठेवला. मग तुम्हीपण दाढी घरीच करायची."

"अरे, डॉक्टर..."

"हाच माझा डॉक्टर," तो म्हणाला आणि कुणी बोलावलं नसताना दाराकडे गेला.

सलूनच्या मागच्या खोलीत, जिथे टॉवेल वाळत असतात, तिथे स्क्रूने त्याला एक जुनी काठी, पेडलं आणि पडदा जोडून दिला. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तिथे, इंटरनेटवरून हा खेळ एकत्र खेळणाऱ्या स्क्रूच्या टोळीचा वर्ग भरायचा. टोळी ठिकठिकाणची, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, ओळख फक्त हेडफोनमधून कानात येणाऱ्या आवाजांची. पुढारी होत्या एक दातांच्या डॉक्टर. सगळे त्यांना बाई म्हणायचे. "आ करा" म्हणायच्या सुरात त्या "वर बघा" म्हणायच्या, आणि ऐकणाऱ्याचं तोंड आपोआप उघडायचं. मी कधी कधी टॉवेलांखालच्या स्टुलावर बसून ऐकत असे. कानातला आवाज बाहेरही ऐकू यावा अशी सोय भिंगरीने माझ्यासाठी करून ठेवली होती.

पहिली अडचण पायांची आली. हे विमान धावपट्टीवर धावताना डावीकडे ओढ घेतं. पुढचा पंखा फिरतो, त्याचा तो परिणाम. म्हणून उजवं पेडल हळूहळू दाबत न्यायचं. आता भिंगरीचा पाय आयुष्यभर सलूनच्या खुर्चीचा. गिऱ्हाईक वर घ्यायचं तर दट्ट्यावर धपाधप पाय मारायचा. त्याने विमानही तसंच वर घ्यायला सुरुवात केली. विमान बदकासारखं डुलत धावपट्टी सोडून गवतात शिरलं.

"भिंगरी, हे काय चाललंय?" कानात बाई. "विमान चालवताय की सायकलीत हवा भरताय?"

"उंच घेतोय, बाई."

"पायाने?"

"आमच्याकडे पायानेच घेतात."

दुसरी अडचण आरशाची. या जुन्या विमानांना डोक्यावर एक छोटा आरसा असतो, मागचं बघायला. भिंगरीला तो घरच्यासारखा वाटला. त्याच्या टोपीला एक चिमटा लावलेला होता आणि पडद्यावर बारीकसा कॅमेरा. मान वळवली की आकाशही वळायचं. पण दिवसभर लोकांना "मान सरळ" म्हणणाऱ्या या माणसाला स्वतःची मान वळवणं काही जमेना. सगळं तो आरशात बघायचा. शत्रू यायचा शेपटीच्या खालून, जिथे आरसा पोचत नाही, आणि भिंगरी मागे कुणी नाही असं सांगत असतानाच जळत खाली यायचा.

"आरशात पाठ दिसते, पोट दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मान वळवा. तुटत नाही."

घरात आणि दुकानात त्याच्या या शिकण्याचा सगळ्यांना त्रास होता. गिऱ्हाइकाचं डोकं उजवीकडे झुकवताना तो पायाने जमीन दाबायचा. कंगवा हातात धरून उतारावरून खाली येणारं विमान दाखवायचा. उंची सोडली की वेग मिळतो, वेग सोडला की उंची, फुकट काहीच नाही, हे त्याने एका कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला इतक्या पोटतिडकीने समजावलं की त्या गृहस्थांचे कल्ले कमीजास्त झाले. जेवताना उठायचा, अर्ध्या घासावर. झोपेत पाय मारायचा. बायको म्हणायची, "आधी नुसते गल्लीत भिरभिरायचे. आता वरसुद्धा."

एक वर्ग मात्र मला चांगला आठवतो. बाई जोरात वळायला शिकवत होत्या. काठी जास्त ओढली की पंखांवरची हवा सुटते आणि विमान पडतं. "पण ते न सांगता पडत नाही," बाई म्हणाल्या. "आधी थरथरतं. अख्खं विमान थरथरतं. नवशिक्यांना वाटतं यंत्र बिघडलं, आणि ते आणखी जोरात ओढतात. असं करायचं नाही. थरथर म्हणजे खोड नाही, निरोप आहे. हात सैल सोडायचा." टोळीतले बाकीचे प्रश्न विचारत होते. एरवी वर्गात भिंगरीचं चालूच असे. त्या दिवशी नुसता काठीकडे बघत बसला.

मग आली पंखाला पंख लावून उडायची पाळी. बाईंच्या विमानाच्या थोडं मागे आणि थोडं खाली राहायचं. त्यांच्या पंखाचं टोक आणि अंगावरचा पिवळा पट्टा एका रेषेत दिसत राहिला पाहिजे. रेष मोडली की जागा चुकली. भिंगरीची रेष जुळतच नव्हती. विमान वरखाली व्हायचं, ते आवरायला तो काठी आवळायचा, आवळली की नवीन हिसका बसायचा आणि तो आवरता आवरता आणखी एक. सलूनमध्ये करंगळी टेकवायला गाल होता. आकाशात टेकवायला काही नव्हतं. जे त्याने सगळ्या गल्लीपासून लपवलं होतं, ते विमान उघड करून दाखवत होतं.

"तुमच्या विमानाला थंडी वाजतेय का?" टोळीतलं कुणीतरी म्हणालं. हसले सगळे.

बाई हसल्या नाहीत. त्यांचाही धंदा हातावरचाच. "भिंगरी, एक विचारू का? तुमचा हात थरथरतो?"

मी स्टुलावर सावरून बसलो. भिंगरीने काठी सोडली, पुन्हा धरली.

"छे हो बाई. काठी जुनी आहे. मेहुण्याने गळ्यात मारलीय."

आता हा मेहुणा त्याच वेळी पुढे सलूनमध्ये भिंगरीचं केस कापायचं मशीन उघडून बसला होता. मधे फक्त एक कापडी पडदा. त्याने हे शब्दन् शब्द ऐकले. बोलला काही नाही. ओठांत स्क्रू होता.

पुढच्या सुट्टीला मी गेलो तेव्हा आकाश स्वच्छ होतं. पडद्यावरचं म्हणतोय. भिंगरी बसला, पेडल हळू दाबलं, विमान सुतासारखं सरळ धावलं आणि उठलं. तो बाईंच्या पंखाशी आला. टोक आणि पट्टा एका रेषेत आले आणि तिथेच राहिले. मला या विषयातलं फार कळत नाही, पण रेष सरळ आहे की वाकडी हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. ती सरळ होती.

"अरे वा!" कानात बाई. "आज काय झालंय?"

"सराव, बाई."

किनाऱ्यावर शत्रूची विमानं आली. या वेळी भिंगरीने मान वळवली. अगदी खांद्यावरून मागे, खाली बघितलं. एक जण खालून वर येत होता. भिंगरी घाईने वळला नाही. त्याने वेग देऊन उंची घेतली, वर गेल्यावर विमान सावकाश उताणं केलं आणि तो खाली आला तो थेट त्याच्या मागे. मग परत बाईंच्या पंखाशी. डोंगर, नदी, तळ, धावपट्टी. अख्खी फेरी झाली. चाकं टेकली तेव्हा मी उठून उभा होतो. केव्हा उठलो ते मला माहीत नाही.

"बघितलंत, सर?" टोपी काढून तो इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होता. एक टॉवेल उचलायचा, दुसऱ्या दोरीवर टाकायचा, पुन्हा उचलायचा. "एकदाही हललं नाही. गेला तो कंप. मनाचाच खेळ होता. उद्या सकाळी आजोबांकडे!"

हाताकडे त्याने बघितलं नाही. त्याचा हात आता त्याला पडद्यावर दिसत होता. मलाही आनंद झाला होता. पैज त्याने उघड्या डोळ्यांनी लावली होती आणि माझ्यासमोर जिंकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनचा चार्जर बिघडला म्हणून मी स्क्रूकडे गेलो. समोर सलूनला कुलूप होतं. "दाजी आजोबांकडे गेले, पेटी घेऊन," स्क्रू म्हणाला. "लई खुशीत होते. आणि काय हो सर, त्यांची काठी आता चांगली झाली ना? सगळ्यांच्या देखत माझ्या मालाला नावं ठेवत होते."

"झाली म्हणजे? तू बदललीस?"

"बदलायची काय गरज? गाळणी लावली." त्याने ओठातला स्क्रू काढून बशीत ठेवला. "त्या खेळात सोय असते. काठीच्या बारीकसारीक हालचाली गाळून टाकायच्या, मोठ्या तेवढ्या विमानापर्यंत जाऊ द्यायच्या. दाजी टॉवेल आणायला गेले होते तेवढ्यात करून टाकलं. सांगितलं नाही, म्हटलं स्वतःहून म्हणू देत की मेहुण्याचा माल चांगला आहे. आता हातात कंप असलेला म्हातारासुद्धा सरळ रेषेत..."

"फोन लाव भिंगरीला."

"फोन ते दुकानात ठेवून जातात. दाढी करताना वाजला तर..."

"स्कूटर काढ," मी म्हणालो.

वाटेत मी त्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. हात, पैज, आजोबा, गोळी. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता उकरलेला होता. वळसा घेताना स्क्रूने मला एकदा पाडलं असतं.

आजोबांच्या सुनेने दार उघडलं. "अगंबाई, सर? काय झालं?" आम्ही तसेच आत गेलो. उशीला टेकून आजोबा अर्धवट बसलेले, तोंडभर साबण, गळ्याभोवती पांढरा टॉवेल. एक गाल होऊन स्वच्छ झाला होता. भिंगरीने डाव्या हाताने त्यांची हनुवटी वर केली होती आणि वस्तरा गळ्याकडे न्यायच्या बेतात होता.

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं? कोण गेलं?" भिंगरीने वस्तरा हवेत धरला.

"दाजी, मी काठीला गाळणी लावलीय," स्क्रू भडाभडा बोलला. "काल विमान तुमच्या हाताने सरळ नव्हतं. म्हणजे तुमच्याच हाताने, पण गाळून. मला माहीत नव्हतं हो. मला वाटलं माझी काठी..."

भिंगरीला कळायला क्षणभर लागला. मग चेहरा लाल झाला. "माझ्या हाताला कुबडी लावलीस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही तरी कुणाला सांगितलं?" स्क्रू रडवेला झाला होता. "ताईलासुद्धा नाही!"

"अरे भांडू नका, साबण वाळतोय," आजोबा म्हणाले. फेसातून फक्त डोळे दिसत होते, आणि ते छताकडे लागलेले होते. "हात मला आधीच दिसलाय."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. खिडकीतलं ऊन वस्तऱ्याच्या पात्यावर पडून त्याचा एक तुकडा छतावर पडला होता. तो नाचत होता. पाण्यावरच्या कवडशासारखा, एका जागी न ठरता.

"सुरुवातीपासून बघतोय," आजोबा म्हणाले. "उजेडाशिवाय आयुष्यात दुसरं बघितलंय काय मी? आधी वाटलं, बाहेर कुणी आरसा हलवतंय."

"मग बोलला का नाहीत?" भिंगरीने विचारलं.

"बोललो असतो तर गेला असतास. इतक्या दिवसांनी आलास. म्हटलं गालापर्यंत तर येऊ दे. एक गाल छान केलास की."

"आणि गळा?"

"गळ्याचं बघितलं असतं गळ्याशी आल्यावर."

"अहो बाबा!" सून ओरडली.

भिंगरीने वस्तरा मिटला. पटकन मिटला नाही. पातं खाचेत जायला त्याला डावा हात लावावा लागला. छतावरचा उजेड गेला. मग तो पलंगाच्या कडेवर बसला, आणि बसूनच राहिला. विमानाशिवाय त्याला असा बसलेला मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मला तो उठायला हवा होता.

"आता माझं काय?" थोड्या वेळाने आजोबा म्हणाले. "निम्मा तुळतुळीत आणि निम्मा खुंट? असा कुणी माझ्याकडे फोटो काढायला आला असता तर हाकलला असता."

शेवटी सुनेने मशीन आणलं. स्क्रूने ते चालू करून दिलं, भिंगरीने डाव्या हाताने हनुवटी धरली आणि तो सांगेल तसं मशीन फिरवत सुनेने दुसरा गाल आणि गळा उरकला. आजोबा सबंध वेळ खराट्याच्या तक्रारी करत होते.

घरी बायकोला सांगायचं भिंगरीच्या जिवावर आलं होतं. मला सोबत घेऊन गेला. त्याचं सांगून होईपर्यंत ती बटण लावत राहिली, दोरा तोडला आणि म्हणाली, "मी तुम्हाला अर्धा अर्धा कप चहा दोनदा का देते, वाटलं तुम्हाला?"

"चहापत्ती वाचवायला?"

"सांडू नये म्हणून."

"मग विचारलं का नाहीस?"

"म्हटलं, सांगाल. विमानातून खाली आलात की."

डॉक्टरांनी हात उताणा करून बघितला, पालथा करून बघितला, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. जीवघेणं काही नाही म्हणाले. असला कंप काही घरांत चालत येतो, गोळीने कमी होईल, जाणार नाही. कात्री चालवा, वस्तरा नको. "एवढंच होतं तर आधीच यायचं," मी बाहेर पडल्यावर म्हणालो. "एवढंच?" तो म्हणाला आणि माझ्या पुढे चार पावलं निघून गेला. ते त्याच्यासाठी एवढंच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी त्याने स्क्रूकडून गाळणी काढून घेतली. विमान पुन्हा शहारायला लागलं. टोळी जमली तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, काठी चांगली आहे. हात थरथरतो माझा."

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही इतके गुळगुळीत उडलात की मी घाबरले. हाडामांसाचा माणूस तसा उडत नाही. आता असं करा, पंखाशी राहू नका. सगळ्यांच्या वर राहा, लांब. तिथे कुणाच्या रेषेत राहायचं नसतं. आम्ही खाली बघतो, तुम्ही चारही बाजू बघा. एका जागी राहणारा माणूस तिथे कामाचा नाही."

"तेवढं जमेल," भिंगरी म्हणाला. त्यात खुशी होती की नाही, मला अजून सांगता येत नाही. पंखाशी राहायची त्याला फार हौस होती.

गेल्या आठवड्यात सुट्टीच्या दुपारी गेलो तर तो दुकानाबाहेर स्टुलावर चढून उभा होता. दुकानाच्या काचेवर रंगाने 'केस' आणि 'दाढी' लिहिलेलं आहे. वस्तरा उघडून तो 'दाढी' खरवडत होता. हात थरथरत होता आणि काचेला त्याचं काही नव्हतं. रंगाची सालपटं त्याच्या शर्टावर पडत होती. बायको शिंप्याकडून परतताना थांबली होती.

"अहो, नवीन पातं आहे ते. खराब होईल."

"होऊ दे. कुणाच्या गालाला लागणार आहे आता?"

त्याने 'दा' काढला, मग सावकाश 'ढ'. मागच्या खोलीतून टोळीतल्या कुणाचा तरी आवाज आला, बाई आल्या आहेत, सगळे तयार आहेत का. भिंगरीने मान वळवून आत बघितलं, वस्तरा तसाच उघडा स्टुलावर ठेवला आणि टोपी चाचपत आत गेला. काचेवर शेवटच्या अक्षराची वेलांटी तेवढी राहिली होती.

"एक काम धड पुरं करतील तर शपथ," ती म्हणाली. पिशवी माझ्या हातात दिली, वस्तरा उचलला आणि स्टुलावर चढली.